हवालदारांचं नाक

खंबाटकीच्या घाटात कुणाच्या गाडीचा क्लच जळाला, की हिंदुराव हवालदार विट्यात बसल्या जागी शिंकायचे. हे मी सांगतोय म्हणून खोटं वाटत असेल तर वाटू दे, निम्मं तरी खरं आहे. शिंक खरी. घाट मी वाढवला.

हवालदारांनी सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात काढली. परत आले ते एक ट्रंक, भरघोस मिशी आणि नाक घेऊन. नाक असं, की भर पावसात मिशी भिजायची नाही. माझ्या दुकानाला लागून त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि वर पाटी लावली : 'गाडीतील सर्व प्रकारचे वास ओळखून मिळतील.' माझं दुकान सीट कव्हरचं, आणि गाडीत आरशाला लटकवायच्या सुवासिक बाटल्यांचं. म्हणजे मी वास विकायचो आणि ते वास पकडायचे. पोलिस चौकीच्या भिंतीला लागून हातभट्टी असावी, तसला आमचा शेजार.

माझ्या बाटल्यांवर त्यांचा फार राग. "गड्या, ही बाटली म्हंजी फोडलेला साक्षीदार," म्हणायचे. "गुन्हा तसाच राहतो, नुसतं कोर्टात गोड बोलतंय." तरी त्यांच्याकडचं गिऱ्हाईक जाता जाता माझ्याकडून एक बाटली न्यायचंच, त्यामुळे मी राग मानला नाही.

त्यांच्याकडे जुनी गाडी कुणी आणायचं नाही. जुन्या गाडीला वास येणारच, म्हातारपण आहे ते. घोर लागतो तो नव्या गाडीचा. सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून फाडलेला नाही, आणि आत काहीतरी वास मारतंय. माणसाची झोप उडते. शोरूमवाला म्हणतो, काही नाही, नवेपणाचा वास आहे. बायको म्हणते, तुम्हांला फसवलं. मग माणूस हवालदारांकडे यायचा.

त्यांची रीत ठरलेली. आधी पायातली चप्पल काढायची. तांब्याभर पाण्यानं नाक साफ करायचं, ते अशा आवाजात की समोरच्या पंपावरचा माणूस दचकावा. विडीवाल्याला, तंबाखूवाल्याला आणि मला शेडच्या बाहेर काढायचं. मग दार उघडून, गाडी बंद असताना एकदा वास घ्यायचा. हा 'थंड वास'. मग गाडी चालू करून पुन्हा. हा 'गरम वास'. आणि मालक काही सांगायला लागला, की हात वर.

"तुमी गप बसा. गाडी सांगंल."

प्रश्न विचारायचे नाहीत, हा त्यांचा कडक नियम. "डॉक्टर इचारतो, कारण त्याला कळत न्हाई," म्हणायचे. "वास खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतो."

आमच्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. जत्रेला, दिवाळीला गावी येतात ती केरळच्या, तमिळनाडूच्या नंबरच्या कोऱ्या गाड्या घेऊन. असाच एक गलाईवाला आला. गाडीत करपल्याचा वास. म्हणाला, तिकडं तीन ठिकाणी दाखवलं. हवालदारांनी नुसतं दार उघडलं आणि लावलं.

"क्लच," ते म्हणाले. "आन् गाडीत काय खोट न्हाई. खोट तुमच्या डाव्या पायात हाय. क्लचवर पाय ठिवून झोपताय जणू. पाय उचला, वास जाईल."

गलाईवाल्याची बायको मागं बसली होती. ती इतकी हसली की पुढं तिनंच गाडी शिकायचं ठरवलं.

दुसरा एक डॉक्टर. त्याच्या गाडीत गोड वास यायचा, पाकात वेलची टाकावी तसा. डॉक्टर खूष होता, कुणीतरी चांगलं अत्तर टाकलंय म्हणून. हवालदारांनी वास घेतला आणि किल्ली काढून खिशात टाकली. "इंजन थंड ठिवायचं पाणी गळतंय आत. आता कराडला न्हाई जायाचं. घाण वासाला भ्यायचं न्हाई, डॉक्टर. गोड वासाला भ्यायचं. सोयऱ्यासारखं हाय ते."

आणि तिसरा किस्सा शेंगांचा. एका बागाईतदाराच्या गाडीत रोज भाजल्या शेंगांचा वास. तो माणूस गाडीत बसला की त्याला भूक लागायची आणि पोचेल तिथं जेवायचा. सहा महिन्यांत त्याला सीट पुरेना. माझ्याकडूनच त्यानं मोठं कव्हर शिवून नेलं, म्हणून मला माहीत. हवालदारांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनावर उंदरानं शेंगांची कोठी केली होती. "उंदीर शाणा," हवालदार म्हणाले. "भाजून खातोय. तुमी कच्च्या खाताय."

असे हे हवालदार. मिजास भरपूर, पण खरी. बोलताना मान मागे आणि नाक पुढे. त्यांना एकच लेक, शुभांगी. शुभीला गाडी त्यांनीच शिकवली, ते दिवस अजून मला आठवतात. ती चालवायची आणि हे बाजूला डोळे मिटून बसायचे. "आता ब्रेकवर पाय जास्त हाय," म्हणायचे, वासावरनं. शुभी म्हणायची, "आण्णा, डोळं उघडून बगा की, समोर म्हैस हाय."

ती फलटणकडं दिली. सासरा दिनकरतात्या, उसाचा मोठा बागाईतदार, गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदा सुद्धा तिथी बघून शिरायचा. जावई लष्करात. शुभी तिथल्याच एका वस्तीवरच्या शाळेत शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत जावयानं तिला जाण्यायेण्यासाठी पांढरी गाडी घेऊन दिली आणि तो पुन्हा सीमेवर गेला. सासऱ्याला सून गाडी चालवते हे मनातून फारसं रुचलेलं नव्हतं. पण हवालदारांची लेक म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती. लेक सासरी जाताना हवालदार मला म्हणाले होते, "नवी गाडी आन् नवी सून एकसारखी असती गड्या. दुखलं तर सांगत न्हाई. आपणच वळखायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा प्रयत्न करतोय.

मधल्या काळात ती साथ येऊन गेली. हवालदारांनाही ताप आला, तोंडाला फडकं बांधून पडून होते, बरे झाले. शेड पुन्हा उघडली. पण एक बदल मला जाणवला. हवालदार आता विचारायला लागले होते. वास कधी येतो? एसी लावल्यावर का ब्रेक मारल्यावर? आधी डोळे चुरचुरतात का? गाडी रात्री कुठं लावता, झाडाखाली का गोठ्याजवळ? निम्मी गाडी ते विचारूनच सोडवायचे, मग नाक लावायचे ते नुसतं देवाला हात जोडल्यासारखं. गिऱ्हाईक उलट जास्त खूष. म्हणायचं, हवालदार आता फार खोलात जातात. मलाही तसंच वाटलं. म्हणालो, "हवालदार, नियम मोडला?"

"वय झालं गड्या," ते म्हणाले. "घाई नको."

चैत्रात आमच्याकडं जत्रा झाली. शुभी स्वतः गाडी चालवत आली, राहिली, गेली. आणि तिकडून दिनकरतात्यांचा फोन. गाडीत मरणाचा वास येतोय, कुणाला बसवत नाही, तुम्हीच या. मला फलटणला कव्हराचं काम होतं, म्हणून मीही निघालो. मायणी, दहिवडी करत पोचलो तर तात्यांच्या अंगणात भावकी जमलेली. खुर्च्या मांडलेल्या. हवालदारांच्या नाकाची कीर्ती सोयऱ्यांनी ऐकली होती, बघितली नव्हती. मधोमध पांढरी गाडी, नवरीसारखी. दारं उघडी आणि दहा हातांवर माणसं, तोंडाला रुमाल लावून. वास मलाही आला. मी आयुष्यात पुष्कळ वास विकले, पण तसला फुकट सुद्धा कुणी घेतला नसता.

हवालदारांनी चप्पल काढली, नाक साफ केलं आणि म्हणाले, "तात्या, मला सांगा, वास कवा..."

तात्यांनी हात वर केला. "न्हाई, न्हाई, हवालदार. तुमीच म्हणता न्हवं, तुमी गप बसा, गाडी सांगंल? आज आमी सगळी गप. तुमी नुसतं नाक लावून सांगा."

भावकी हसली. मीही हसलो. हवालदार नाही हसले.

ते गाडीत वाकले. थंड वास घेतला. गाडी चालू करून गरम वास घेतला. गाडीतलं पायाखालचं कापड उचललं. त्याच्या कडेला एक पिवळा तेलकट डाग होता, त्यावरनं बोट फिरवलं. वर दोन माश्या. मग बाहेर आले, रुमाल झटकला, मान मागे आणि नाक पुढे.

"तात्या, रस्सा सांडलाय. मटणाचा. जत्रेचा डबा कलंडलाय ह्यात."

हवालदारांच्या तोंडावर अजून जिंकल्याचं हसू होतं, आणि मी ते हळूहळू उतरताना बघितलं. जत्रेहून ही गाडी कोण घेऊन आलं, हे त्यांच्या ध्यानात आलं ते सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्यावर. दारात शुभी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

"आण्णा," ती म्हणाली, "मी डबा आणला न्हाई. आई देत हुती, मीच नको म्हनले."

ती पुन्हा म्हणाली, "आण्णा, खरंच न्हाई."

हवालदारांनी घरी, आपल्या डोळ्यांनी, बायकोला डबा भरताना बघितलं होतं. ते लेकीकडं बघत राहिले आणि "वास तर..." एवढंच पुटपुटले.

तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, खाल्लं असतंस तर मी काय म्हणलो नसतो. पण देवाची पूजा केलेल्या गाडीत, आन् वर खोटं? तुज्या बापाचं नाक खोटं बोलंल व्हय?" आणि त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि देवघराच्या खुंटीला नेऊन अडकवली. "शाळंला यष्टी जाती."

येताना दहिवडीला चहाला थांबलो. हवालदारांनी कपात बघितलं आणि तसाच ठेवला. तोवर मला वाटत होतं, त्यांना लेकीचा राग आलाय.

विट्यात पोचलो तेव्हा दिवस अजून होता. हवालदारांची बायको, आक्का, दारात आली. हवालदारांनी चप्पल न काढताच विचारलं, "शुभीला डबा दिलतास न्हवं?"

"भरला हुता की," आक्का म्हणाली. "पर पोरीनं हात लावला न्हाई. मामंजींची माळ हाय, गाडीत नको म्हनली. मग मी ह्यास्नी दिला." आणि तिनं माझ्याकडं बोट केलं.

मला तो डबा आठवला. मी तो बोटं चाटूनपुसून, भाकरीनं निपटून धुतल्यासारखा परत केला होता. आक्कांना वर म्हणालोही होतो की असा रस्सा सातारा-सांगलीत नाही. जो रस्सा शुभीच्या गाडीत सांडला म्हणून तिची किल्ली गेली, तो माझ्या पोटात होता. एरवी मी यावर चार गावं हसवली असती. त्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि कुणी कुणाकडं बघेना.

"फोन करा," मी म्हणालो. "सांगा की डबा माझ्याकडं आला."

त्यांनी केला. पलीकडनं तात्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हवालदार, बापाचं काळीज मी समजू शकतो. शेजाऱ्याला कशाला मधी घालता? नाक चुकलं म्हणता? तुमचं? आवं, साऱ्या मुलखात गाजावाजा केलाय तुमीच."

हवालदारांनी फोन ठेवला. आपल्याच पाटीकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना घेऊन गेलो. तात्यांच्या अंगणात सकाळचा चहा चालला होता, कालच्यातली बरीच मंडळी होती. हवालदार मधोमध उभे राहिले, लष्करात साहेबापुढं उभे राहावं तसे.

"तात्या, मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "त्या साथीत ताप आला, तवापास्नं. कसलाच न्हाई. फुलाचा न्हाई, शेणाचा न्हाई. काल मी डाग बघितला, माशी बघितली, जत्रा आठवली आन् ठोकून दिलं."

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून बसणारा माणूस. मलाही ते तेव्हाच कळलं.

तात्यांनी कप खाली ठेवला. "हवालदार, लेकीसाठी किती खाली उतरायचं माणसानं? काल खरं बोललात, त्याचं वाईट वाटतंय तुमाला. बसा, चहा घ्या."

"चहा घेतो की," हवालदार म्हणाले. "गाडीत द्या."

तात्यांच्या पुतण्यानं खुंटीवरची किल्ली आणून दिली. हवालदार गाडीत बसले, दारं लावली, काचा वर केल्या, एसी पूर्ण सोडला. आम्ही बाहेर दहा हातांवर होतो तरी नाकावरचे रुमाल निघेनात. त्यांनी काच वीतभर खाली घेतली, आतून हात काढून कपबशी घेतली, पोह्यांची ताटली घेतली आणि काच पुन्हा वर. आणि पोहे खायला लागले. सावकाश, चावून. मग चहा बशीत ओतून फुंकर घालून प्याले. काचेला नाक लावायला आलेली पोरं आधी हसली आणि मग वासानं पळाली. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "बास करा की वो, बगवंना." कुणी हसत नव्हतं. ज्या नाकापुढं जिल्ह्यातले मेकॅनिक हात जोडून उभे राहायचे, ते नाक त्या घाणीत एसीच्या झोताला लावून हवालदार बसले होते, डोळे उघडे ठेवून. शुभीनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

दार तात्यांनीच उघडलं. पदर नाकाला लावावा तसा पंचा लावून म्हणाले, "उतरा. पटलं."

"आता मला इचारू द्या," हवालदार आतूनच म्हणाले. "वास कवापास्नं?"

"उन्हाळा लागला, एसी लावाया लागलो, तवापास्नं."

"एसी बंद केला की?"

"कमी होतो."

"पूजा कवा केली गाडीची?"

"गुढीपाडव्याला. मीच केली, साग्रसंगीत."

"ह्यो डाग हळदीचा. मी रस्सा म्हणलो." हवालदारांनी डागावरचं बोट उचललं. "पंचामृत कुठं वतलं तात्या?"

तात्यांनी बॉनेट आणि काच जिथं मिळतात तिथं बोट केलं. "तितं. लोकं चमच्यानं शिंपडत्यात. मी कळशी वतली. घरचं दूध, घरचं दही. गाडी लेकाची, म्हणलं, हात आखडायचा न्हाई."

बोट जिथं होतं तिथं वायपरखाली एक जाळी असते. गाडी तिथनं हवा आत ओढते. हवालदारांनी समोरचा कप्पा खाली ओढून काढला, त्याच्या मागं हात घातला आणि हवा गाळायची घडीची चौकट बाहेर काढली. तिच्यावर पाडव्याचं दूध, दही, तूप, मध, साखर सगळं होतं. आणि वळवळत होतं.

तात्या ते बघत राहिले. त्यांच्या हाताची बोटं आपोआप माळेकडं गेली आणि तिथनं परत आली. मग ते किल्ली घेऊन शुभीजवळ गेले. तिच्या हातात द्यायचं त्यांना जमलं नाही. तिच्या शेजारी कट्ट्यावर ठेवली आणि घरात गेले, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

हवालदार लेकीसमोर उभे राहिले. हाताला अजून ती घाण होती म्हणून हात अंगापासून लांब धरलेले.

"शुभे, नाक गेलं त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "तू न्हाई म्हनत हुतीस, दोनदा. ते मला ऐकाया पायजे हुतं. ते तर नाकाचं काम न्हवतं."

शुभीनं आतून तांब्या भरून आणला. तिनं तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. पाणी संपल्यावरही ती तांब्या तसाच वाकडा धरून उभी होती.

विट्यात आल्यावर हवालदारांनी पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. मी म्हणालो, राहू द्या, विचारून विचारून सुद्धा तुम्ही दहांतल्या आठ गाड्या सोडवताच की. ते म्हणाले, "व्हय. पर पाटीवर नाक लिवलंय." आता कुणी गाडी घेऊन आलं तर ते आधीच सांगतात, नाक बंद हाय, काय इचारायचं ते इचारतो. काही जण परत जातात. गावात थट्टा होते, ती ते ऐकून घेतात. मिशी मात्र आता पावसात भिजते. हे मी वाढवून सांगत नाही, मी पाहिली आहे.

शुभी त्यानंतर बरेच दिवस माहेरी आली नाही. आली ती एकदम शाळेला सुट्ट्या लागल्यावर, पांढरी गाडी चालवत. राहिली दोन दिवस. परत निघाली तेव्हा मी दुकानात एका कव्हराला टाके घालत होतो. आक्कांनी भाजी दिली, लोणचं दिलं. शुभी चाकावर बसली, पट्टा लावला. हवालदार तिच्या खिडकीशी आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं वाकले. मान खाली, नाक काचेच्या आत. आणि तसेच अर्ध्यात थांबले. आपण काय करतोय हे त्यांना कळलं असावं. कानशिलं लाल झाली. एकदा माझ्याकडं चोरून बघितलं. मी सुईत दोरा ओवायला लागलो.

"शुभे," ते हळूच म्हणाले, "कसला वास येतोय का गं?"

शुभीनं डोळे मिटले, त्यांच्यासारखंच मान मागे घेऊन खोल श्वास घेतला. बराच वेळ घेतला.

"न्हाई आण्णा."

"मग न्हाई," हवालदार म्हणाले, आणि रस्ता मोकळा करून बाजूला झाले.